परदेशातील इंटर्नशिप : ऑफिस सुटल्यानंतरचे शहर

आपल्या सभासदांच्या घरांत अलीकडे एक नवा शब्द रुळला आहे, इंटर्नशिप. पूर्वी मुलगा शिकायला गेला किंवा नोकरीला गेला, एवढे दोनच प्रकार आपल्याला ठाऊक होते. आता बेंगळुरू, पुणे, हैदराबादला शिकणारी आपली मुले-मुली तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीत दहा-बारा आठवड्यांसाठी जर्मनी, कॅनडा, इंग्लंडला जातात, एखाद्या प्रयोगशाळेत किंवा कंपनीत काम करतात आणि परत येतात. जुन्या मराठीत याला उमेदवारी म्हणत. शब्द नवा असला तरी गोष्ट जुनीच आहे, फक्त ती आता समुद्रापलीकडे होते.

या मुलांच्या घरी गेले की आम्हांला दोन प्रकारचे पालक भेटतात. पहिले म्हणतात, "तीन महिन्यांत फिरलाच जास्त, फोटो बघा ना." दुसरे अभिमानाने सांगतात, "आमचा कुठेच गेला नाही. खोली आणि लॅब, लॅब आणि खोली. वर पैसे वाचवून आणले." पहिल्यांच्या आवाजात थोडी लाज असते, दुसऱ्यांच्या आवाजात समाधान. आमच्या मते हा हिशेब उलटा लागला आहे, आणि तो नीट मांडून पाहण्याची वेळ आली आहे. कारण पुढच्या काही वर्षांत अशी मुले वाढणार आहेत.

वाढणार का, ते आधी पाहू. २०१३ पासून लागू झालेल्या घटनेतील ३७१ जे कलमामुळे बीदर, कलबुर्गीसह आपल्या मागास भागातील विद्यार्थ्यांना इथल्या कॉलेजांत ७० टक्के आणि राज्यातील इतर संस्थांत ८ टक्के जागा मिळू लागल्या. भालकी-औरादकडची मुले त्या वाटेने बेंगळुरूच्या चांगल्या कॉलेजांत पोहोचली. तिथे इंटर्नशिप आता अभ्यासक्रमाचाच भाग आहे. दुसरीकडे परदेशातील पूर्ण पदवीचे गणित बिघडले आहे. कॅनडाने २०२४ पासून विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली. अमेरिकेने २०२५ च्या मे-जूनमध्ये काही आठवडे विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती देणेच थांबवले आणि त्याच वर्षी सप्टेंबरात नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लावले. चाळीस-पन्नास लाखांचे कर्ज काढून पाठवलेल्या मुलाला तिथे नोकरी मिळेल की नाही, हे आज कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. अशा वेळी थोड्या मुदतीचा, बऱ्याचदा विद्यावेतन मिळणारा आणि परत येण्याच्या बोलीवरचा मार्ग मध्यमवर्गाला परवडतो. जर्मनीच्या डाडची वाइज ही योजना, कॅनडाची मायटॅक्स ग्लोबलिंकची १२ आठवड्यांची संशोधन इंटर्नशिप, फ्रान्सची शारपाक शिष्यवृत्ती ही नावे आता इंजिनिअरिंगच्या मुलांना पाठ असतात. जर्मनीशी भारताने डिसेंबर २०२२ मध्ये स्थलांतर आणि ये-जा सुलभ करण्याचा करार केला. ब्रिटनने २०२३ पासून १८ ते ३० वयाच्या भारतीय पदवीधरांसाठी वर्षाला ३००० जागांची योजना सुरू केली. तिची निवड सोडतीने होते. म्हणजे दारे थोडी किलकिली झाली आहेत, पण मोजक्या दिवसांसाठी.

आता बँकेतल्या सवयीप्रमाणे आकडे मांडतो. १२ आठवडे म्हणजे २०१६ तास. आठवड्याला पाच दिवस, रोज आठ तास धरले तर कामाचे ४८० तास होतात. रोजची आठ तासांची झोप धरली तर ६७२. उरले ८६४. स्वयंपाक, धुणे, जाणे-येणे, रांगा यांत त्यातला निम्मा वेळ गेला असे धरू. तरी ४३२ तास शिल्लक राहतात, म्हणजे जवळजवळ कामाइतकेच. या ४३२ तासांचे काय करायचे, यावर घरातून निघताना कोणी एक शब्द बोलत नाही. लोणच्याच्या बरणीला किती पिशव्या गुंडाळायच्या यावर मात्र तासभर चर्चा होते.

आम्ही बँकेच्या नोकरीत बदल्या पाहिल्या. तेलंगणातल्या, कोकणातल्या, तमिळनाडूतल्या शाखांत आपल्याकडची माणसे जात. काही जण तीन वर्षे राहून फक्त शाखा, खोली आणि बसस्टँड एवढेच पाहून परत येत. कॅलेंडरवर दिवस खोडत. काही जण मात्र सहा महिन्यांत बाजारातली भाषा बोलत, तिथल्या जत्रेला जात, गावच्या भजनात बसत. गंमत अशी की वसुली यांचीच चांगली होई. कर्जदार कोण, त्याचा शब्द किती खरा, पीक कसे आहे, हे लेजरमध्ये लिहिलेले नसते. ते चहाच्या टपरीवर कळते. परक्या गावात रमणे आणि परक्या गावात काम करणे या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत, हे आम्ही तिथे पाहिले.

आणि बीदरच्या माणसाला हे सांगावे लागू नये. कारण परक्या शहरात राहून ते डोळे भरून पाहिल्याचा एक फार जुना दाखला बीदरचाच आहे. १४६९ ते १४७२ च्या सुमारास रशियातील त्वेर गावचा अफनासी निकितीन नावाचा व्यापारी चौलच्या बंदरावर उतरला, जुन्नर करत बीदरला आला. बरोबर विकायला एक घोडा होता. जुन्नरच्या सुभेदाराने तो घोडा हिसकावून घेतला होता आणि धर्म बदलण्याची अट घातली होती. तो कसाबसा परत मिळाला आणि पुढे बीदरला विकला गेला. व्यापार म्हणून पाहिले तर सगळी सफर तोट्याचीच. पण हा माणूस बीदरमध्ये चारेक महिने राहिला. म्हणजे आजच्या इंटर्नशिपपेक्षा थोडा जास्त. एवढ्या काळात त्याने सुलतानाची मिरवणूक पाहिली, बाजार पाहिला, इथल्या लोकांचे खाणे-पिणे आणि रीतिरिवाज टिपले. आपल्या आळंदला शेख अलाउद्दीनच्या नावाने भरणाऱ्या जत्रेचे आणि तिथे येणाऱ्या घोड्यांचे वर्णन केले. इथल्या हिंदू कुटुंबांशी त्याची ओळख झाली. आपण ख्रिस्ती आहोत हे त्याने त्यांना मोकळेपणाने सांगितले, तेव्हा त्यांनीही त्याच्यापासून काही लपवले नाही. त्यांच्याबरोबर तो श्रीशैलच्या यात्रेलाही गेला. परतीच्या वाटेवर, आपले गाव गाठण्याआधीच तो वारला. वही तेवढी उरली. बहामनी काळातले बीदर रस्त्यावरून कसे दिसत होते, यासाठी आजही इतिहासाचे अभ्यासक ती वही उघडतात. १९५७ साली त्याच्यावर ‘परदेसी’ नावाचा हिंदी-रशियन सिनेमाही निघाला. जुन्या सभासदांना त्यातली नर्गिस आठवत असेल.

त्याच काळात बीदरचा कारभार पाहणारा महमूद गवान हाही इराणच्या गिलान प्रांतातून आलेला परदेशी. १४७२ मध्ये त्याने बांधलेल्या मदरशाच्या निळ्या-हिरव्या फरशांचे तुकडे आपण शाळेच्या सहलीत पाहिलेले आहेत. तेव्हाच्या बीदरमध्ये बाहेरून आलेले आफाकी आणि इथलेच दखनी यांच्यात हेवेदावे होते आणि त्यातच १४८१ मध्ये गवानचा बळी गेला. परदेशी माणसाबद्दलचा राग ही गोष्ट आज लंडनमध्ये किंवा टोरांटोत नव्याने जन्मलेली नाही. तीही आपल्या गावाने पाहिली आहे. मुलाला पाठवताना हेही मनात असू द्यावे.

मराठीत पाहायचे तर पु. ल. देशपांड्यांकडे पाहावे. बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात काही काळ शिकवलेले, म्हणजे सीमाभागाशीही नाते असलेले पु. ल. पुढे आकाशवाणीत गेले. १९५८ मध्ये युनेस्कोची शिष्यवृत्ती मिळाली आणि दूरचित्रवाणीचे तंत्र शिकण्यासाठी त्यांना लंडनला बीबीसीत पाठवण्यात आले. पुढच्याच वर्षी, १५ सप्टेंबर १९५९ रोजी, दिल्लीत आपले दूरदर्शन सुरू झाले आणि त्याच्या पहिल्या फळीत ते होते. म्हणजे उमेदवारीचे चीज झाले, यात शंका नाही. पण लंडनमध्ये, आणि नंतर फ्रान्स-जर्मनीत, ते ऑफिस सुटल्यावर खोलीत जाऊन झोपले असते तर ‘अपूर्वाई’ लिहिली गेली असती का? बीबीसीत त्यांनी कॅमेऱ्याबद्दल काय शिकले ते आज किती जणांना ठाऊक आहे? तिथले रस्ते, नाटके, खाणावळी, माणसे मात्र मराठी घराघरांत पोहोचली. आपल्यापैकी अनेकांनी परदेश प्रथम त्या पुस्तकातच पाहिला. भालकीत, हुमनाबादेत ग्रंथालयाच्या त्या एका प्रतीसाठी नंबर लागत.

इथे एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. पु. लं.ना शिष्यवृत्ती होती, वय चाळिशीकडे झुकलेले होते. आमच्या मुलाकडे पैसे कुठून येणार? हा आक्षेप आला की आम्हांला बाबासाहेब आठवतात. १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले तेव्हा बडोदा संस्थानची महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती होती आणि त्यातूनच घरीही पैसे पाठवायचे होते. चैनीला वाव नव्हता, नाटक-सिनेमाला वेळ नव्हता. पण त्या शहराचा एक भाग त्यांनी पुरेपूर उपभोगला. न्यूयॉर्कच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून त्यांनी सुमारे दोन हजार पुस्तके गोळा केली. शिवाय ज्या शहरात जात विचारली जात नाही तिथे वावरताना माणसाला काय वाटते, हे त्यांनी तिथेच अनुभवले. शहर उपभोगण्याचा खर्च प्रत्येकाला वेगवेगळा येतो. काहींना तो फक्त चपलांचा येतो.

खर्चाचा विषय निघालाच आहे तर थोडे तपशिलाने सांगतो, कारण आमच्याकडे फोन येतात ते याच कारणासाठी.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात. आपल्या कामाला त्याचा छोटासा भागही लागत नाही. उगमस्थानी गोळा होणारा कर, ज्याला टीसीएस म्हणतात, तो १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाखांपर्यंतच्या रकमेवर लागत नाही. तेव्हा तीन महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी याची धास्ती घेण्याचे कारण नाही. विद्यावेतनाचा पहिला हप्ता तिथले खाते उघडेपर्यंत हाती येत नाही, म्हणून पहिल्या सहा आठवड्यांचे पैसे बरोबर हवेत. थोडे रोख, बाकीचे फॉरेक्स कार्डावर. साधे डेबिट-क्रेडिट कार्ड वापरले तर बहुतेक बँका प्रत्येक व्यवहारावर तीन-साडेतीन टक्क्यांपर्यंत जादा घेतात. आणि दुकानातल्या यंत्राने ‘रुपयांत देणार की युरोत?’ असे विचारले तर नेहमी युरो निवडावे. रुपये निवडले की दर ते यंत्र ठरवते आणि तो कधीच आपल्या बाजूचा नसतो. युरोपला जाणाऱ्याने प्रवासविमा किमान ३० हजार युरोंचा घ्यायचा असतो, तो नुसता व्हिसासाठी म्हणून स्वस्तातला घेऊ नये. तिथे दात दुखला तरी घाम फुटतो.

यापुढचा खर्च आमच्या मते घरातूनच वेगळा काढून द्यावा. एकूण रकमेच्या दहावा हिस्सा असा, की जो वाचवून आणायचा नाही. ‘हा शहरासाठी’ असे सांगून द्यावा. युरो शंभर रुपयांच्या पुढे गेल्यापासून मुले प्रत्येक कॉफीला मनात शंभराने गुणतात आणि मग दारातून परत फिरतात. आम्हीही गुणले असते. पण तिकडच्या पगारात मिळालेला पैसा तिकडच्याच दराने खर्चायचा असतो. मुलगा दोन युरो रुपयांत मोजत बसला तर मन बीदरमध्येच राहते, नुसते शरीर म्युनिकला असते.

मोठी शहरे गरीब विद्यार्थ्याला वाटतात त्यापेक्षा उदार असतात, हेही सांगितले पाहिजे. जर्मनीत महिन्याचा एकच पास काढला की देशभरातल्या सगळ्या बस, ट्राम, मेट्रो आणि साध्या रेल्वेगाड्यांत बसता येते. २०२३ च्या मेमध्ये तो ४९ युरोंना सुरू झाला, २०२६ च्या जानेवारीपासून ६३ युरो झाला आहे. वेगवान गाड्यांना तो चालत नाही, पण शनिवारी सकाळी साध्या गाडीत बसून दुसरे गाव पाहून रात्री परतायला पुरेसा आहे. म्युनिकच्या पिनाकोथेक चित्रसंग्रहालयांत रविवारी तिकीट एक युरो. बर्लिनच्या फिलहार्मोनीत हंगामात आठवड्यातून एका दुपारी फुकट मैफल असते, लोक डबा घेऊन जिन्यावर बसतात. रविवारी दुकाने बंद, त्यामुळे सगळे गाव बागेत नाहीतर नदीवर. पहिल्या रविवारी आपली मुले दूध-ब्रेडसाठी वणवण फिरतात, दुसऱ्या रविवारी शहाणी होतात.

लंडनचे तर काय सांगावे. तिथली राष्ट्रीय संग्रहालये २००१ च्या अखेरीपासून सर्वांना मोफत आहेत. जुलैपासून सप्टेंबरपर्यंत रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये प्रॉम्स नावाचा संगीत महोत्सव चालतो, १८९५ पासूनची परंपरा आहे, आणि उभ्याने ऐकायची तिकिटे दहा पौंडांच्या आत मिळतात. ज्या मुलाने माणिकनगरच्या प्रभूंच्या दरबारात रात्र रात्र बसून गाणे ऐकले आहे त्याला तीन तास उभे राहणे अवघड नाही. राग वेगळे, ऐकण्याची बैठक तीच. तिथून चालत पाच-दहा मिनिटांवर व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम आहे. १८५१ च्या मोठ्या प्रदर्शनातून जन्मलेल्या या संग्रहालयात बिदरीची भांडी आहेत, हुक्क्याची बुडे, तबके. जस्त-तांब्याच्या मिश्रधातूवर चांदीची तार ठोकून, किल्ल्यातल्या मातीने आणि नवसागराने काळे केलेले ते काम आपण चौबारा रस्त्यावरच्या दुकानांत इतके वेळा पाहिले आहे की त्याकडे आता लक्षही जात नाही. काचेच्या पेटीत, शांत उजेडात, परक्या माणसांच्या गर्दीत ते पाहिले की लक्ष जाते.

टेम्सच्या काठी, पार्लमेंटच्या समोरच्या बाजूस, अल्बर्ट एम्बँकमेंटवर आणखी एक ओळखीचे माणूस उभे आहे. महात्मा बसवेश्वरांचा हा पुतळा. १४ नोव्हेंबर २०१५ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. त्यासाठी खटपट करणारे लॅम्बेथचे माजी महापौर डॉ. नीरज पाटील मूळचे कलबुर्गी जिल्ह्यातले. त्याच दिवशी किंग हेन्रीज रोडवरच्या १० क्रमांकाच्या घरात, जिथे बाबासाहेब १९२१-२२ मध्ये राहिले, तिथल्या स्मारकाचेही उद्घाटन झाले. ते घर महाराष्ट्र शासनाने विकत घेतले आहे. बसवकल्याणच्या मुलाने लंडनला जाऊन ही दोन ठिकाणे पाहिली नाहीत तर त्याला कोणी विचारणार नाही. पण पाहिली तर त्याला स्वतःला कळेल की आपण जिथून आलो ते गाव जगाच्या नकाशावर इतके कोपऱ्यात नाही.

मात्र ओळखीचेच शोधत बसण्याचा मोहही मोठा असतो. तिकडे पोहोचले की मुले आधी भारतीय किराणा दुकान शोधतात, मग भारतीय मित्र, मग हिंदी सिनेमा. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचे आहे, इतर शहरांतही मराठी मंडळे आहेत, आणि एखाद्या शनिवारी तिथे जाऊन पोटभर मराठी बोलून यावे, यात वाईट काही नाही. गुरुद्वारात लंगरही मिळतो आणि नानक झिऱ्याच्या सावलीत वाढलेल्या आपल्या मुलांना तिथे परके वाटत नाही. पण बाराही शनिवार तिथेच गेले तर मग जर्मनीला जायचे कशाला, पुण्यात हिंजवडीला गेलेले काय वाईट?

आणि आपल्या मुलांना हे जमण्यासारखे आहे, असे आम्हांला ठामपणे वाटते. पुण्या-मुंबईच्या मराठी मुलापेक्षा अधिक. आपल्या आजोबांच्या पिढीने निजामी राजवटीत उर्दूतून शिक्षण घेतले. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात पदवीपर्यंतचे शिक्षण उर्दूत होते. १९५६ च्या १ नोव्हेंबरला राज्यांची फेररचना झाली, उदगीर-निलंगा तिकडे गेले, भालकी-बीदर इकडे राहिले आणि पुढची पिढी घरात मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात दखनी असे बोलत वाढली. आजची मुले त्यात इंग्रजी मिळवतात. बंदेनवाजांचा उरूस, शरणबसवेश्वरांची जत्रा, गाणगापूरची दत्तजयंती आणि आपला गणेशोत्सव, हे सगळे एका वर्षात पाहणाऱ्या मुलाला दुसऱ्याच्या सणात पाहुणा म्हणून कसे वागायचे हे शिकवावे लागत नाही. परक्या भाषेतले दहा शब्द चुकत-माकत बोलण्याची त्याला लाज वाटत नाही, कारण लहानपणापासून तो तेच करत आला आहे. सीमाभागात राहण्याची किंमत आपण खूप मोजली. त्यातून मिळालेली ही पुंजी मात्र वापरत नाही.

मुलींच्या बाबतीत आपण अधिक आखडतो. मुलगी संध्याकाळी सात वाजता कुठे होती, याचा जाब घरून रोज द्यावा लागत असेल तर तिच्या वाट्याचे ४३२ तास शून्यावर येतात. काळजी करू नये असे आम्ही म्हणत नाही. राहण्याची जागा आधी नीट पाहावी. शक्यतो विद्यार्थी वसतिगृह, नाहीतर संस्थेने सुचवलेली खोली, आणि जागेची खात्री झाल्याशिवाय अनामत पाठवू नये. रात्रीच्या परतीचा रस्ता, शेवटच्या गाडीची वेळ, तिथला आणीबाणीचा क्रमांक, दोन स्थानिक माणसांचे फोन, एवढे तिच्याकडे आणि घरी असावे. ही व्यवस्था मुलासाठीही तितकीच लागते. त्यानंतर तिला मोकळे सोडावे. जर्मनीत जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, हे कलबुर्गीत बसून लक्षात येत नाही.

फसवणुकीचा धोका मात्र खरा आहे आणि तो फिरण्यातून येत नाही, कागदातून येतो. पैसे घेऊन ‘परदेशी इंटर्नशिप’ विकणारे दलाल आता आपल्याकडेही फिरू लागले आहेत. थायलंडला डेटा एन्ट्रीचे काम म्हणून नेलेली भारतीय मुले म्यानमार, कंबोडियातल्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांत अडकल्याच्या घटना घडल्या आणि परराष्ट्र मंत्रालयाला त्याबद्दल वारंवार इशारे द्यावे लागले. निवडीचे पत्र संस्थेच्या अधिकृत ईमेलवरूनच आलेले हवे. मार्गदर्शकाचे नाव संस्थेच्या पानावर शोधून पाहावे. अमेरिकेला जे-१ व्हिसावर जायचे असेल तर प्रायोजकाचा डीएस-२०१९ फॉर्म लागतोच, तो नाही तर काही नाही. पर्यटक व्हिसावर जाऊन तिथे पगारी काम करू असे कोणी म्हणाले तर तिथेच नमस्कार करावा. वैद्यकीय शाखेची मुले ऑब्झर्व्हरशिपसाठी जातात, ते वेगळे. तिथे फक्त पाहायचे असते, रुग्णाला हात लावायचा नसतो, आणि पगार तर नसतोच. तो खर्च सगळा घरचा, म्हणून आधीच मोजून घ्यावा.

राहिला फोन. रोजचा फोन असावा, पण त्यात काय विचारतो तेही पाहावे. ‘जेवलास का’ हा आपला पहिला प्रश्न, ‘किती वाचले’ हा दुसरा. त्यानंतर दोन्हीकडे शांतता. आज कुठे गेला होतास, तिथे माणसे काय करत होती, त्यांना आपल्याबद्दल काय वाटते, भाकरी दाखवलीस का कोणाला, असे विचारले तर मूल बोलते. (कडक भाकरी आणि शेंगाची चटणी महिनाभर टिकते आणि ऑफिसातल्या जर्मन माणसांशी ओळख करून द्यायला तिच्याइतके चांगले साधन नाही, असा परत आलेल्या मुलांचा अनुभव आहे.)

परत आल्यावर हीच मुले आपल्याकडे थोडी गप्प होतात. रस्त्यावरचा कचरा, रांगेतली ढकलाढकली त्यांना खुपते आणि त्यांनी तोंड उघडले की आपण ‘तीन महिन्यांत साहेब झाला’ म्हणून गप्प बसवतो. दोन-चार आठवड्यांत ते ओसरते. पण त्याआधी त्यांचे ऐकून घेतले तर आपल्यालाच उपयोग आहे. त्यांना तिथे सार्वजनिक वाचनालय कसे चालते, छोट्या गावातही संग्रहालय कसे टिकते, बसचे वेळापत्रक कोण पाळायला लावते, हे सगळे जवळून दिसलेले असते. आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात दरवर्षी बाहेरचा वक्ता आणण्यासाठी आपण धावपळ करतो. त्यातली एक संध्याकाळ अशा दोन-तीन मुलामुलींना द्यावी. प्रयोगशाळेतल्या कामाबद्दल त्यांनी दहा मिनिटे बोलावे आणि शहराबद्दल तासभर. फोटो पडद्यावर दाखवावेत. ज्यांच्याबद्दल घरी कुरकुर झाली तेच फोटो.

पुढच्या उन्हाळ्याच्या बहुतेक योजनांचे अर्ज आदल्या वर्षी श्रावण ते दिवाळी या काळात भरायचे असतात. पासपोर्ट नसेल तर त्याला आधी लागावे, कारण पत्त्याची आणि नावाच्या स्पेलिंगची गडबड आपल्याकडे प्रत्येक घरात आहे. दहावीच्या कन्नड-इंग्रजी प्रमाणपत्रावर एक आडनाव, आधारवर दुसरे, हे दुरुस्त व्हायला दोन महिने सहज जातात. अर्ज, पैसे पाठवण्याची पद्धत किंवा बँकेचे कागद याबद्दल काही अडले तर आम्ही रविवारी सकाळी मंडळाच्या वाचनालयात असतो. येताना विद्यार्थ्यालाही घेऊन यावे, नुसत्या वडिलांनी येऊ नये.